झडतीच्या शेवटच्या दोन ओळी

मला वाईट झडती लिहिता येत नाही. ही बढाई समजू नका, ही माझी खोड आहे, आणि ह्या खोडीपायी मी माझं स्वतःचं नुकसान भर आखरावर, अख्ख्या गावादेखत करून घेतलं.

झडती म्हणजे काय, हे आमच्या यवतमाळकडे कोणाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दिवशी दुपार कलली की गावातले सगळे बैल सजून आखरावर, म्हणजे मारुतीच्या देवळासमोरच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे राहतात. मग डफड्याच्या तालावर एकेक जण पुढे येऊन यमकांच्या आठ-दहा ओळी ठणकावून म्हणतो आणि शेवटी सगळे मिळून महादेवाच्या नावाचा गजर करतात. त्या ओळींत कोणाची गय नसते. सरपंचापासून पंतप्रधानापर्यंत सगळे एकाच दावणीला. आमच्या गावात वरचा मोहल्ला आणि खालचा मोहल्ला असे दोन तट आहेत, आणि ज्यांच्या झडतीला समोरच्यांकडे उत्तर उरत नाही त्यांचे बैल तोरणाखालून आधी निघतात. बक्षीस काही नाही. तरी एका वर्षी हरल्यावर खालच्या मोहल्ल्यातल्या एका गृहस्थांनी वरच्या मोहल्ल्यातल्या सलूनमध्ये दिवाळीपर्यंत पाऊल टाकलं नव्हतं. दाढी छातीपर्यंत आली होती.

बायका झडती म्हणत नाहीत. बायका समोर शाळेच्या ओट्यावर उभ्या राहून ऐकतात. पण लिहू नये असं कोणी म्हटलेलं नाही, आणि मी लिहिते. माझं माहेर केळापूरकडचं. माझे वडील झडत्या जुळवायचे आणि मी त्यांच्याशेजारी बसून यमकं पुरवायची. लग्न होऊन ह्या गावात आले, बाभुळगावपासून बारा किलोमीटरवर, तर सासरे वरच्या मोहल्ल्याचे मुख्य गायक निघाले. आवाज असा की नाल्यापलीकडचा गुराखी वळून बघेल, पण डोक्यात यमक एक नाही. मी त्यांना गुपचूप लिहून द्यायला लागले. पुढे धाकटे दीर खालच्या मोहल्ल्यात राहायला गेले. भांडून नव्हे, घरात जागा पुरेना म्हणून. पहिल्याच पोळ्याला ते मागच्या दाराने आले. "वहिनी, मलेबी एक लिहून द्या. बाबाले सांगू नका." मग मी त्यांनाही लिहून द्यायला लागले.

अशी बारा वर्षं गेली. लेकीच्या जुन्या वह्यांची पाठकोरी पानं, एक वरच्या मोहल्ल्यात, एक खालच्या. दोघांनाही वाटायचं की मी फक्त त्यांची. गाव तावातावाने भांडायचं आणि मी ओट्यावर उभी राहून स्वतःशीच हरायची, स्वतःशीच जिंकायची. इतकी मजा मला दुसऱ्या कशात आलेली नाही.

आता नवऱ्याचं सांगते. माझा नवरा फौजेत हवालदार. चोवीस वर्षांची नोकरी, त्यातली निम्मी काश्मीरच्या डोंगरात, दहशतवाद्यांच्या मागावर. ह्या वर्षी त्याची मुदत संपत होती. पेन्शन घेऊन घरी यायचं, नाहीतर दोन वर्षं वाढवून घ्यायची, असे दोन रस्ते होते. वाढवायची तर संमतीचा कागद भरून सुट्टीवरून परतताना सोबत न्यायचा होता. तो पोळ्याला सुट्टीवर आला, आणि पहिल्याच दिवशी तो कोरा कागद मला ट्रंकेत सापडला, कारण धुवायचे कपडे मीच काढते आणि हे चोवीस वर्षांच्या फौजीच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

माझं म्हणणं सरळ होतं. मला तो घरी हवा होता. लग्नाला वीस वर्षं झाली, त्यात सलग तीन महिने आम्ही कधी एका छताखाली राहिलो नाही. लेक बारावीत गेली तरी बाप आला की चांगल्या ग्लासात पाणी देते, पाहुण्याला देतात तसं. सासऱ्यांचे गुडघे गेलेले. कपाशी आणि तूर मी दिराच्या मदतीने काढते, त्याचं मला काही वाटत नाही, ते मला येतं. पण मला नवरा सुट्टीपुरता नको होता. रोजचा हवा होता, भांडायला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं वावरात कामगंध सापळे बांधायला गेलो. बोंडअळीचे पतंग ह्या सापळ्यांत येऊन अडकतात आणि अळी आली की नाही ते कळतं. मी खुंटी धरली होती, तो सापळा बांधत होता.

"ट्रंकेतला कागद पाह्यला मी," मी म्हटलं.

"मंग?"

"चुलीत टाकनार हाय."

"कोराच हाय अजून. टाकशीन त नवा मागा लागन." त्याने गाठ मारली आणि विचारलं, "गेल्या साली सापळे मधातच काहून काढले तुमी?"

"रिकामे होते म्हून. पंधरा दिवस एक पतंग नाई आला. शेजाऱ्यानं काढले, आमीबी काढले."

"मंग दिवाईनंतर बोंडं फोडली तवा काय निंगालं?"

आत गुलाबी अळ्या निघाल्या होत्या, हे त्याला फोनवर मीच सांगितलं होतं. हा माणूस कुठे चालला आहे ते मला बरोबर कळलं. "तुमचं काश्मीर माह्या वावरात आनू नका," मी म्हटलं.

"मी काई बोललोच नाई बावा," तो म्हणाला आणि पुढच्या खुंटीकडे गेला.

गावात गोष्ट लपत नाही. दोन दिवसांत एसटीच्या थांब्यावर, पानठेल्यावर हाच विषय. खालचा मोहल्ला म्हणे, त्याने आपला वाटा उचलला, आता घरी यावं, आणि डोंगरात फौज ठेवून वर्षानुवर्षं काय होतंय. वरचा मोहल्ला म्हणे, आता कुठे जरा शांत झालंय, आताच हात काढला तर पुन्हा पहिल्यापासून. घरातही तेच सुरू झालं. शेवटी सासऱ्यांनी काठी आपटली. "घरात कटकट नोको. आखरावर भांडा." सासऱ्यांचं स्वतःचं मोठं अवघड झालं होतं. त्यांचं मन खालच्या मोहल्ल्यात होतं आणि तोंड वरच्या.

दीर मागच्या दाराने आले तेव्हा माझी झडती तयारच होती. इतक्या मनापासून मी कधी लिहिलं नव्हतं. दिरांनी वाचली आणि त्यांचे डोळे चमकले. "वहिनी, यंदा दादा गेला कामातून."

पोळ्याच्या आदल्या दुपारी सासरे अंगणात बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होते आणि मी पुरणाची डाळ निवडत होते. नवरा येऊन समोर पाटावर बसला.

"मलेबी एक झडती लिहून दे."

"तुमाले कायले? मामाजी म्हनतात ना." सासऱ्यांना मी मामाजी म्हणते.

"बाबा म्हनते, यंदा माह्या तोंडून निंगनार नाई. मीच म्हनतो. आन् तू दोनीकडचं लिहितेस, ते मले कवाचं ठाव हाय."

मी चपापले. "कोनं सांगतलं?"

"कोनं नाई. धाकटा दर साली फोनवर आयकवते मले. दोनी मोहल्ल्याचे टोमने वयखीचे वाटतात. तेच तू मले मारतेस."

आता नाही म्हणायला जागा नव्हती. मी सूप बाजूला ठेवलं. "पन सव्वीस जानेवारीचं भाषन नाई चालनार. खरं असन ते सांगा. तुमच्या दोन वर्सानं दहशतवाद संपन काय?"

"नाई संपनार."

"मंग?"

"डवरून तन संपते काय? तरी तू दर साली डवरतेस. नाई डवरलं त पीक दबते."

"सरकारनं शाळा बांधाव्या, रस्ते करावे, लोकायसंग बोलावं. बंदुकीनं काय होते?"

"निस्त्या बंदुकीनं काईच होत नाई. शाळा पायजेच, बोलनंबी पायजे. पन मास्तर शाळेत जाईन कवा? वाट रोखनारा कोनी नसन तवाच ना. आमी तेवढं करतो. मास्तर पोचेपर्यंत वाट मोकळी ठेवतो."

"ते दुसरा जवान करन. तुमीच कायले?"

तो कामाचं कधी सांगत नाही, वीस वर्षांत मी चार गोष्टी ऐकल्या असतील. त्या दिवशी पाचवी सांगितली. एका वस्तीत खबर आली की एका घरात तीन अनोळखी माणसं आली आहेत. सकाळी तुकडी गेली, तर दारात खरंच तीन जोड अनोळखी जोडे. नवा आलेला जवान दार तोडायला निघाला. माझ्या नवऱ्याने त्याचा हात धरला. त्याला ठाऊक होतं की त्या घरातले भाऊ थंडी लागायच्या आधी मेंढ्या घेऊन वरून खाली उतरतात. त्याने दार वाजवलं. म्हातारीने उघडलं, आत तेच तिघं भाऊ शेकत बसलेले. तिने सगळ्यांना मिठाचा चहा पाजला. आणि चार दिवसांनी त्याच म्हातारीने हळूच सांगितलं की नाल्याकाठच्या पडक्या गोठ्यात कोण लपलं आहे. ते मात्र खरे निघाले.

"ते दार तोडलं असतं," तो म्हणाला, "त म्हातारी आमच्यासंग जन्मात बोलली नसती. आन् गोठ्यातले सुटले असते. कोन्तं दार वाजवाचं आन् कोन्तं तोडाचं, हे समजाले मले सहा वर्सं लागली. आता नवे पोरं आले हाय. त्यायले शिकवाले दोन वर्सं त पायजे. आजच सोडून आलो त ते पोरं पयलेपासून चुकन. त्यायच्या चुकीत त्या लोकायचे जीव जाईन, आन् पोरायचेबी."

मला इतका राग आला की निवडलेले खडे मी पुन्हा डाळीत टाकले. राग ह्याचा की त्याचं म्हणणं मला पटलं होतं. वीस वर्षं मला वाटायचं की फौज म्हणजे हुकूम, आणि हुकूम बदलता येत नाही, म्हणून हा येत नाही. आता कळलं की हा माणूस तिथे आपल्या समजुतीने उभा आहे. अशा माणसाशी भांडणं फार अवघड असतं.

तो गेल्यावर मी कागद घेतला आणि ठरवून वाईट लिहायला बसले. यमक मोडकं, ताल लंगडा. दोन ओळी लिहिल्या आणि स्वतःच खोडल्या. माझ्या वडिलांनी ते पाहिलं असतं तर मला दारातून परत पाठवलं असतं. मग सापळा आला, मग दार आलं, आणि पुरण शिजेपर्यंत झडती जुळून तयार. शेवटच्या दोन ओळी तर मी लिहिल्याच नाहीत, त्या आपसूक उतरल्या. त्या वाचल्या आणि माझ्या लक्षात आलं की ह्या आखरावर म्हटल्या तर मी हरले.

तेव्हा मी कागदाचा तळ फाडला. दोन ओळींची ती पट्टी देव्हाऱ्यात अगरबत्तीच्या पुड्याखाली ठेवली आणि उरलेला कागद नवऱ्याला दिला. अशी लबाडी मी आयुष्यात पहिल्यांदा केली.

त्याने दोनदा वाचलं. "अर्धी वाटून राह्यली."

"मिल्ट्रीवाल्याले झडतीतलं काय समजते?" मी म्हटलं आणि पुरण वाटायला घेतलं.

पोळ्याला आखर फुलून गेलं होतं. आमच्या जोडीच्या पाठीवर माझ्या लग्नातल्या शालूची झूल, शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग. मी लेकीला घेऊन शाळेच्या ओट्यावर अगदी पुढे जागा धरली. सरपंच, पाणीपुरवठा आणि मोबाइलचा टॉवर असे नेहमीचे विषय उरकले आणि डफडं थांबलं. खालच्या मोहल्ल्यातून दीर पुढे आले. कमरेवर हात ठेवून, समोर उभ्या भावाकडे बघत त्यांनी सुरू केलं:

"वावराले कुंपन, कुंपनाले काटा,
फौजी भाऊ पाह्यते दूरच्याच वाटा.
चोवीस वर्सं केली देशाची राखन,
घरच्या कपाशीचं कोन करन डवरन?
बंदूक ठेव खाली, घे हाती कासरा,
देशाले पोरं लय, बापाले पोरगा कोन दुसरा?"

शेवटची ओळ मी अशी लिहिलीच नव्हती. मी लिहिलं होतं, लेकीले बाप कोन दुसरा. दिरांची नजर ऐन वेळी म्हाताऱ्यावर गेली आणि जीभ घसरली. वरच्या मोहल्ल्यातून सासरे गरजले, "मंग हा जो बोलून राह्यला, तो कोनाचा हाय?" आखर हसून हसून लोळलं. दीर लाल झाले. माझी बारा वर्षांतली सगळ्यात चांगली झडती त्यांनी एका शब्दाने मातीत घातली, आणि मीही पदर तोंडाला लावून हसत होते.

हशा ओसरल्यावर माझा नवरा पुढे आला. कागद त्याने खिशातच ठेवला, त्याला पाठ होतं. सासऱ्यांचा आवाज त्याच्या गळ्यात आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"कपाशीच्या वावरात सापळा बांधला,
पतंग नाई आला, गडी आनंदला.
म्हने अळी गेली आता गाव सोडून,
रिकामाच सापळा हाय, टाका त काढून.
शेजाऱ्यानं काढला, त्यानंबी काढला,
बोंडाच्या पोटात चोर पुन्हा दडला.
नवा गडी ठोकते भलतंच दार,
जुन्याले ठाव हाय चोर आन् शेजार..."

इथे कागद संपत होता. डफडेवाल्याने ठेका धरून ठेवला, पुढचं येणार म्हणून. पुढचं आलं नाही. झडती गजराशिवाय अधांतरी राहिली. खालच्या मोहल्ल्यात कुजबुज झाली, मग शिट्ट्या. "फौजी अटकला रे," कोणीतरी म्हटलं. दीर पुन्हा हात कमरेवर ठेवून पुढे सरकले.

माझा डाव साधला होता. आणखी दोन क्षण गप्प राहिले असते तर खालच्या मोहल्ल्याचे बैल आधी निघाले असते आणि गावाचा निकाल माझ्या बाजूने लागला असता. नवऱ्याने वळून ओट्याकडे बघितलं. रागाने नाही. त्याला सगळं कळलं होतं, आणि तो नुसता थांबला होता, जितका वेळ लागेल तितका. असा थांबत असेल का हा तिथे दारासमोर, असं मनात आलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी झडती भर आखरावर अर्धवट उभी होती, पट्टी घरी अगरबत्तीच्या पुड्याखाली होती, आणि मला त्या दोन ओळी तोंडपाठ होत्या.

मी म्हटल्या. ओट्यावरून, डोक्यावरचा पदर सावरून, जेवढा आवाज होता तेवढ्या आवाजात:

"सापळा राहू दे खुंटीले, गडी राहू दे पहाऱ्याले,
बोंड फुटलं का सांगावा धाडू त्याच्या डेऱ्याले."

बाई झडती म्हणाली हे आधी, आणि ही कोणाची बाई हे मग लोकांच्या लक्षात आलं. लेक माझ्याकडे बघतच राहिली. मला रडू आलं होतं आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही. मग सासऱ्यांनी काठी वर उचलली. महादेवाच्या नावाचा पहिला गजर त्यांनीच केला आणि पाठोपाठ दोन्ही मोहल्ल्यांनी मिळून दिला. दीर तोंड उघडून उभे होते. उत्तर कुठून आणणार? लिहिणारी तर मीच.

वरच्या मोहल्ल्याचे बैल आधी निघाले. त्यात आमची जोडी पहिली.

घरी आल्यावर मी बैलांच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, पुरणपोळीचा घास दिला. दीरही मागोमाग जेवायला आले, ह्या वेळी पुढच्या दाराने. "वहिनी, तुमी दोनीकडचं लिहत होते," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत त्यांनी पाच पोळ्या खाल्ल्या. सासरे म्हणाले, "मले बारा वर्सं वाटे का खालचे लय हुशार हाय."

जेवणं झाल्यावर नवऱ्याने तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "तू नाई म्हनशीन त नाई भरत. खरंच."

"आखरावर बोलली ना मी. आता घरात कायले इचारता?" मी त्याला लेकीचा पेन दिला. "पन दोनच वर्सं. पोरायले दारं शिकवा आन् घरी या. तिसरं वर्स मागितलं त मी डेऱ्यावर येईन, झडती घेऊन."

"आमच्या साहेबायचं काई खरं नाई मंग," तो म्हणाला आणि सही केली. लेकीने त्याला पाणी आणून दिलं, रोजच्या स्टीलच्या ग्लासात.

तो गेला त्याला आता दीड महिना झाला. कपाशीला बोंडं लागली आहेत. मी रोज सकाळी वावरात जाते, सापळे बघते. तिकडे डोंगरात त्याला रेंज मिळाली की त्याचा फोन येतो, कधी रोज, कधी चार-चार दिवस नाही. आला की तो आधी एकच विचारतो.

"सापळा?"

"रिकामा हाय."

"राहू दे मंग," तो म्हणतो. आणि मी राहू देते.